बकेट किती फुटांची?

मित्रांनो, मेकॅनिकलला प्रवेश घेतलेल्या मुलाला गावाकडे एकदम भाव येतो. म्हणजे कोणी नोकरी देतं असं नाही, पण बंद पडलेली प्रत्येक वस्तू त्याच्यापुढे आणून ठेवली जाते. मिक्सर, पाण्याची मोटर, शिलाई मशीन, एकदा तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा! ‘इंजिनेर होतोयस ना? मग बघ की.’ आपणही गंभीर चेहरा करून बघतो. खरं सांगायचं तर त्या घड्याळाशी आपल्या सिलॅबसचा काडीचाही संबंध नसतो. पण कधीतरी असा एखादा प्रश्न समोर येतो की, पहिल्या वर्षाचं अप्लाइड मेकॅनिक्स आपण फक्त पास होण्यासाठी शिकलो नव्हतो, याची खात्री पटते. माझ्या वाट्याला आलेला तो प्रश्न होता, ‘ट्रॅक्टरला बकेट किती फुटांची बसवायची?’

माझे मामा निफाड तालुक्यात राहतात. तीन एकर द्राक्षबाग. बागेच्या दोन ओळींमध्ये नऊ फूट अंतर, त्यात लोखंडी अँगल, तारा, ठिबकच्या नळ्या. अशा बागेत मोठा ट्रॅक्टर फिरत नाही, म्हणून त्यांच्याकडे २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर आहे, चारही चाकांना ओढ असलेला. फवारणी, रोटाव्हेटर अशी सगळी कामं तो करतो. अडचण येते ती शेणखताची. माल निघाला की खरड छाटणीच्या आधी बागेत शेणखत टाकायचं असतं. उकिरड्यावरून ट्रॉली भरायला माणसं लागतात आणि नेमकी तेव्हाच सगळ्या गावाला माणसं लागतात! म्हणून मामांनी ठरवलं, छोट्या ट्रॅक्टरलाच पुढून लोडर बसवायचा. खत भरता येईल, बांध नीट करता येईल, पावसाळ्याआधी रस्त्यावर मुरूम टाकता येईल.

लोडर बनवणाऱ्या मिस्त्रींकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी ट्रॅक्टरला एक चक्कर मारली आणि निकाल दिला, ‘पाच फुटी टाका भाऊ. सगळे तीच नेतात. निम्म्या खेपा वाचतात.’ मामांना हे पटलं. पैसे द्यायचेच आहेत तर मोठी का घेऊ नये? चार फुटी आणि पाच फुटी बकेटच्या किमतीत तसा फार फरकही नव्हता. मी म्हटलं, ‘मामा, मला चार दिवस द्या.’ मामा हसले. ‘चार दिवसांत काय परीक्षा देतोस का?’

एक गोष्ट तिथेच माझ्या लक्षात आली होती. ट्रॅक्टर बाजारात एचपीवर विकला जातो आणि बकेट फुटांवर. आपल्या प्रश्नाचं उत्तर मात्र या दोन्ही आकड्यांत नाही. बकेटमध्ये वजन किती पडणार आणि ते वजन ट्रॅक्टर कुठे पेलणार, हे कळलं पाहिजे. इंजिनाच्या ताकदीचा इथे फारसा संबंध येत नाही. उभा ट्रॅक्टर पुढे उलटेल की नाही, हे इंजिन ठरवत नाही, चाकांवरचं वजन ठरवतं.

म्हणून पहिल्या दिवशी आम्ही ट्रॅक्टर वजनकाट्यावर नेला. आधी चारही चाकं काट्यावर, मग फक्त पुढची दोन. काटेवाल्याला वाटलं, आमच्या डोक्यावर परिणाम झालाय! ट्रॅक्टर, डिझेल आणि बसलेला माणूस मिळून ७०० किलो भरले. त्यातले पुढच्या ॲक्सलवर ३००, मागच्यावर ४००. दोन्ही ॲक्सलमधलं अंतर टेपने मोजलं, १.५६ मीटर. या तीन आकड्यांवर अर्धं गणित सुटतं.

दुसऱ्या दिवशी मी माल मोजला. रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा घेतला आणि कांदा मोजायचा काटा घेतला. डबा जे जे म्हणून त्या बकेटमध्ये कधी ना कधी पडेल, त्याने भरून मोजला. चांगलं कुजलेलं, सुकं शेणखत ११ किलो भरलं. ओलं, पाणी धरलेलं शेणखत १७ किलो. शेतातली मोकळी काळी माती २४ किलो. मुरूम ३२ किलो. ओढ्यातली ओली वाळू ३६ किलो. याला ५० ने गुणलं की एका घनमीटरचं वजन मिळतं : ५५०, ८५०, १२००, १६०० आणि १८०० किलो. म्हणजे डबा तोच, पण सुक्या खताच्या जागी ओली वाळू आली की वजन सव्वातीन पट! मामा ज्या मालाचा विचार करून बकेट ठरवत होते तो या यादीतला सगळ्यात हलका माल होता.

आता बकेट. मिस्त्रींकडची पाच फुटी बकेट नुसती रुंद नव्हती, चांगली खोलही होती. तिच्यात काठोकाठ ०.२२ घनमीटर आणि वर ढीग धरून ०.२८ घनमीटर माल मावत होता. चार फुटी उथळ बकेटमध्ये काठोकाठ ०.११ आणि ढीग धरून ०.१४. हा ढीग मनाने धरायचा नसतो बरं का! लोडरच्या बकेटचं आकारमान कसं मोजायचं याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ७५४६. त्यात काठाच्या वरचा ढीग दोनास एक उताराचा धरतात, म्हणजे आडवं दोन गेलं की उभं एक. मामांना घनमीटर नको होता, म्हणून घमेल्याच्या भाषेत सांगितलं. आमच्या घरचं घमेलं १२ लिटरचं. छोट्या बकेटमध्ये जवळजवळ बारा घमेली, मोठीत तेवीस.

गुणाकार करा. मोठ्या बकेटमध्ये सुकं शेणखत भरलं तर १५४ किलो, काहीच अडचण नाही. ओलं शेणखत २३८. माती ३३६. मुरूम ४४८. ओली वाळू ५०४. छोट्या बकेटमध्ये हेच आकडे ७७, ११९, १६८, २२४ आणि २५२.

आता प्रश्न उरतो तो पेलण्याचा. इथे आपल्या पहिल्या वर्षाच्या मोमेंटला बोलवायचं. पुढचा ॲक्सल म्हणजे सी-सॉचा मधला दांडा. त्याच्या मागे १.५६ मीटरवर मागच्या चाकांवरचे ४०० किलो बसलेत. पुढे बकेट. लोडरची फ्रेम आणि बाहू मिळून १४० किलो होणार होते, पण त्यांचा गुरुत्वमध्य जवळजवळ पुढच्या ॲक्सलवरच येत होता, म्हणून उलटण्याच्या हिशोबात ते सोडून दिले. बाहू आडवे असताना छोट्या बकेटचा मध्य ॲक्सलच्या पुढे १ मीटर येतो. मोठी बकेट खोल असल्यामुळे तिचा मध्य आणखी १० सेंटीमीटर पुढे जातो, १.१ मीटर.

४०० गुणिले १.५६ म्हणजे ६२४. मोठ्या बकेटसाठी याला १.१ ने भागा : ५६७ किलो. एवढं वजन पुढे आलं की मागची चाकं जमीन सोडणार. त्यातून बकेटचं स्वतःचं वजन ११० किलो वजा केलं की माल उरतो ४५७ किलो. मुरमाने भरलेल्या बकेटमध्ये माल किती होता? ४४८! म्हणजे सपाट काँक्रीटवर, ट्रॅक्टर उभा असताना, फक्त नऊ किलोची फट. एवढ्या वजनाचं तर एखादं शाळेचं दप्तर असतं. आणि ओल्या वाळूला तीही नाही. छोट्या बकेटसाठी तेच गणित केलं तर ६२४ वजा बकेटचे ७५, म्हणजे ५४९ किलो.

पण उलटायच्या काठावर कोणी काम करत नाही. माती-मुरूम उचलणाऱ्या चाकांच्या लोडरसाठी आयएसओ १४३९७ या मानकाप्रमाणे उलटवणाऱ्या मालाच्या निम्मं वजनच कामासाठी धरतात. अर्धं राखीव का? कारण ट्रॅक्टर उभा नसतो. तो खड्ड्यात जातो, ब्रेक लागतो, बकेट झटक्याने खाली येऊन मध्येच थांबते, जमीन उताराची असते. आपला ट्रॅक्टर हा काही कारखान्यातून आलेला लोडर नव्हे, पण नियम उसना घ्यायला हरकत नाही. मोठ्या बकेटची मर्यादा आली २२८ किलो. छोटीची आली २७४. गंमत बघा, मोठ्या बकेटने ट्रॅक्टरची ताकद वाढली नाही, उलट कमी झाली! छोट्या बकेटमध्ये यादीतला सगळ्यात जड माल ढीग लावून भरला तरी २५२ किलो, म्हणजे मर्यादेच्या आतच. मोठीत ओलं शेणखतसुद्धा मर्यादेबाहेर.

हे ऐकून मिस्त्री म्हणाले, ‘साहेब, आपला हायड्रॉलिक जॅक सहज उचलतो.’ त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ४० मिलिमीटर बोअरचे दोन सिलिंडर आणि १६० बार प्रेशर धरलं तर दोघांचा मिळून जोर ४१०० किलोच्या आसपास येतो. बाहूच्या पिनपासून सिलिंडरचं लंब अंतर ३० सेंटीमीटर आणि बकेटचं १.९ मीटर, म्हणजे बकेटपाशी साधारण साडेसहाशे किलो. बाहूंचं स्वतःचं वजन काढलं तरी सहाशे उरतात. मग यात चांगलं काय? ट्रॅक्टर ५६७ ला मागून उठतो आणि हायड्रॉलिक सहाशे उचलू शकतं. म्हणजे हायड्रॉलिक आपल्याला अडवणार नाही. चालवणाऱ्याला वाटतं, उचललं म्हणजे झेपलं. खरं तर उचलणारा वेगळा आणि पेलणारा वेगळा.

‘मग मागे वजन टाकू,’ मामा म्हणाले. हे बरोबर होतं. त्यांच्याकडे २०० किलोचा रोटाव्हेटर होताच. तो मागे अडकवला की मागच्या ॲक्सलच्या पाऊण मीटर मागे वजन लटकतं आणि ट्रॅक्टर उलटायची भीती खूपच कमी होते. मोठ्या बकेटसकट उलटायला मग ९८० किलोच्या वर वजन लागलं असतं. मामांचा चेहरा खुलला. पण मोमेंटचं गणित इथे थांबवलं तर घात होतो, कारण सी-सॉच्या दोन्ही टोकांना माणसं बसवली की सी-सॉ स्थिर राहतो हे खरं, पण मधल्या दांड्यावर दोघांचंही वजन येतं ना!

तो दांडा म्हणजे पुढचा ॲक्सल. ॲक्सलच्या १ मीटर पुढे १०० किलो ठेवले तर ॲक्सलवर १०० येत नाहीत, १६४ येतात. जास्तीचे ६४ मागच्या चाकांवरून उचलून आणलेले असतात. मोठ्या बकेटला १.१ मीटर अंतर असल्यामुळे हाच आकडा १७० होतो. आता बेरीज करा. ट्रॅक्टरचे मूळचे ३००, लोडरचे १४०, मोठी बकेट मुरमासकट ५५८ गुणिले १.७०५ म्हणजे ९५१. रोटाव्हेटर मागे लटकल्यामुळे पुढून ९६ किलो कमी होतात. एकूण १२९५ किलो. ज्या ॲक्सलवर रोज ३०० किलो असतात, त्याच्यावर एकदम सव्वाचार पट! ट्रॅक्टरच्या पुस्तकात पुढच्या ॲक्सलची मर्यादा दिली होती ९०० किलो. छोट्या बकेटमध्ये ओली वाळू ढीग लावून भरली तरी रोटाव्हेटरसकट ८८० येत होते. रोटाव्हेटर काढला तर ९७६. म्हणजे छोट्या बकेटलासुद्धा मागचं वजन ऐच्छिक नाही, सक्तीचं.

मला यातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट वाटली ती ही. मागे वजन नसेल तर जास्त भरल्यावर मागची चाकं हलकी होतात, ट्रॅक्टर डोलतो, माणूस घाबरून बकेट खाली टाकतो. ट्रॅक्टर निदान बोलतो तरी. मागे वजन टाकलं की तो गप्प बसतो आणि सगळा मार ॲक्सल, नकल, बेअरिंग आणि सील मुकाट्याने खातात. मग एके दिवशी बागेच्या मधोमध, बकेट वर असताना, काहीतरी तुटतं.

आणि तुटलं की ट्रॅक्टर आडवा होतो, तोही अगदी सहज. आपल्याला ट्रॅक्टर चार पायांच्या टेबलासारखा वाटतो. पण पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डोलतो, खाचखळग्यात चारही चाकं जमिनीला टेकावीत म्हणून. त्यामुळे त्याचा पाया चौकोनी नसतो, त्रिकोणी असतो : मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. वजन मागे असेल तर ते त्रिकोणाच्या रुंद बाजूला पडतं. पुढची बकेट भरली की वजन टोकाकडे सरकतं, तिथे रुंदी उरत नाही. त्यात बकेट वर उचललेली असेल आणि एक चाक बांधावर चढलं, तर संपलं. म्हणूनच भरलेली बकेट घेऊन जाताना ती जमिनीपासून फूटभरच वर ठेवायची, वळण संपल्यावर आणि ट्रॉलीजवळ थांबल्यावरच उचलायची. हे अनुभवी ऑपरेटरला आपण सांगायला नको. पण बागेतल्या ट्रॅक्टरवर अनुभवी ऑपरेटर असतो कुठे?

आमच्या ट्रॅक्टरवर मामा स्वतः क्वचित बसतात. तो चालवतात मामांकडे बरीच वर्षं कामाला असलेले काका. माणूस अत्यंत मेहनती. सांगितलेलं काम अंधार पडायच्या आत संपवायचं हा त्यांचा नियम. बागेच्या मांडवात अडकतो म्हणून ट्रॅक्टरला डोक्यावर सुरक्षेची चौकट नाही. बकेट किती फुटांची, हे ठरवणार मामा, त्याचं गणित करणार मी, बनवणार मिस्त्री. आणि त्या सीटवर बसणार काका, ज्यांना आमच्यापैकी कोणीच काही विचारलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘तुम्ही द्याल ती चालवू.’ या उत्तराने मला जरा कसंतरीच झालं.

तरी मामांकडे शेवटचा हुकमाचा पत्ता होताच. ‘अरे, मोठी घेऊ आणि मुरूम असेल तेव्हा अर्धी भरू. त्यात काय एवढं?’

मित्रांनो, या प्रश्नाला माझ्या वहीत उत्तर नव्हतं. गणिताने अर्धी बकेट भरणं अगदी मान्य आहे. मुरमाची अर्धी बकेट म्हणजे २२४ किलो, मर्यादेच्या आत! मी अडखळलो. उत्तर दिलं मामींनी. त्या ओट्यावर बसून आमचं सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘लहान पोरीला पाण्याला पाठवताना हंडा देऊन अर्धा भर म्हणत नाही आपण. कळशी देतो.’

सगळे गप्प. कारण ते खरं होतं. रिकामी जागा दिसली की माणूस भरतो. एसटी असो, उसाची ट्रॉली असो की आपली सॅक. त्यात बकेट तर ढिगात घुसली की आपोआप भरते, अर्धी भरायलाच जास्त कौशल्य लागतं. संध्याकाळ झालेली, ट्रॉली उभी, वर ढग आलेले, अशा वेळी ‘मुरूम आहे, अर्धीच भर’ हे कोणाच्या लक्षात राहणार? बकेट छोटी असेल तर लक्षात ठेवायची गरजच नाही. तिचं पोटच नाही म्हणतं.

उरला खेपांचा प्रश्न. तोही मोजून टाकला. ट्रॉलीत साधारण ३ घनमीटर खत बसतं. मोठ्या बकेटने ११ खेपा, छोटीने २२. एका खेपेला दीड मिनिट धरलं तर ट्रॉलीमागे साडेसोळा मिनिटं जास्त. मामांना बागेसाठी वर्षाला दहा ट्रॉल्या खत लागतं. म्हणजे वर्षाकाठी पावणेतीन तास! एका ॲक्सलच्या आणि एका माणसाच्या बदल्यात वर्षातले पावणेतीन तास. हे मी सांगितलं तेव्हा मामांनी वही माझ्या हातातून घेतली आणि भागाकार स्वतः करून बघितला.

रुंदीचं म्हणाल तर चार फूट म्हणजे १.२२ मीटर. ट्रॅक्टरच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी १.१ मीटर होती. बकेट चाकांपेक्षा थोडी रुंद हवीच, नाहीतर ढिगात शिरताना चाकं न उचललेल्या मालावर चढतात. पण तेवढीच पुरे. बागेच्या टोकाला वळताना पाच फुटी बकेटचा कोपरा अँगलला लागायची पाळी आली असती, आणि एक अँगल वाकला की सगळ्या ओळीच्या तारा ढिल्या होतात. शिवाय खोल बकेट उपडी केली की तिचा ओठ जास्त खाली लोंबतो, म्हणजे ट्रॉलीच्या फाळक्यावरून माल टाकायला उंची कमी मिळते. आणि खणताना ओठ पिनपासून जितका लांब तितका त्याचा जोर कमी. सगळीकडून एकच उत्तर येत होतं.

याच विषयावर वाचताना एक किस्सा सापडला. आज जगभर दिसणारा छोटा स्किड-स्टिअर लोडर मुळात जन्माला आला तो खत काढायला! अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सिरिल आणि लुई केलर या दोन भावांचं वर्कशॉप होतं. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला दुमजली खुराड्यातलं खत काढायचं होतं. यंत्र वरच्या मजल्यावर चालेल एवढं हलकं हवं आणि खांबांमधून जागच्या जागी वळेल एवढं छोटं हवं. १९५७ साली केलर बंधूंनी ते बनवून दिलं. पुढे त्यातूनच बॉबकॅट हे नाव जगभर झालं. म्हणजे त्या यंत्राचा आकार इंजिनाने नाही ठरवला, लाकडी मजल्याने आणि खांबांनी ठरवला. आमच्या निफाडच्या बागेतही तेच चाललं होतं, फक्त लाकडी मजल्याच्या जागी पुढचा ॲक्सल आणि खांबांच्या जागी अँगल.

शेवटी चार फुटी बकेट ठरली. मिस्त्री आधी थोडे नाराज होते, पण माणूस हाडाचा कारागीर. त्यांनीच सुचवलं की, बकेटला नुसती सरळ कटिंग एज लावू, दात नको, दातांनी ठिबकच्या नळ्या फाटतात. कंपनीच्या पुस्तकात पाहून पुढच्या टायरची हवा वाढवायची, पिनांना रोज ग्रीस मारायचं, हे आम्ही काकांना समोर बसवून सांगितलं. बाहूंवर पांढऱ्या रंगाने लिहून घेतलं, ‘रोटाव्हेटर मागे असल्याशिवाय लोडर वापरू नये.’ काकांनी ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, ‘का?’ आणि मग मी एका वीट-फळीचा सी-सॉ करून त्यांना दाखवला. चार मिनिटांत त्यांना कळलं. आम्हाला अख्खं सेमिस्टर लागलं होतं!

आपल्याला डिझाइनच्या पेपरात फॅक्टर ऑफ सेफ्टी दिलेला असतो. ‘दोन घ्या’ म्हणतात, आपण दोन घेतो, उत्तराखाली दोन रेघा मारतो. तो दोन कोणासाठी आहे हे प्रश्नात कधी लिहिलेलं नसतं. तो असतो घाईत असलेल्या, दमलेल्या, आपल्यावर विश्वास ठेवून ‘तुम्ही द्याल ती चालवू’ म्हणणाऱ्या माणसासाठी. कुठलंही यंत्र, डबा, शिडी, पूल डिझाइन करताना नेहमीच्या हलक्या मालाचा विचार करू नका. त्यात कधीतरी पडणाऱ्या सगळ्यात जड मालाचा करा, आणि तो काठोकाठ भरला जाणार हे धरूनच चाला. बाकी व्हायवाला एक्स्टर्नलने विचारलंच की, बकेटचा आकार कशावर अवलंबून असतो, तर एचपी असं उत्तर देऊ नका. सरळ विचारा, ‘सर, भरायचं काय आहे आणि चालवणार कोण?’